दुसरा फटका

आमच्या दाराला बाहेरून कुलूप दिसलं की खुशाल समजावं, घरातली सगळी माणसं आत आहेत. लग्न होऊन आले तेव्हा जाऊबाईंनी मला हे अगदी सहज सांगितलं, चहात साखर किती घालायची ते सांगावं तसं. मी मनात म्हटलं, झालं, वेड्यांच्या घरात येऊन पडले.

पण तो वेडेपणा नव्हता, निदान सगळा नव्हता. आमची बेकरी आहे. पुढच्या रस्त्यावर दुकान आणि भट्टी, मागे घर, आणि घराचं दार मागच्या गल्लीत उघडतं. जग घोरत असतं तेव्हा आम्ही पीठ मळत असतो, आणि जग जेवून कामाला लागतं तेव्हा आम्ही अंथरुणाला पाठ टेकतो. ही झोप गल्लीला बघवायची नाही. कोणी कडी वाजवून विचारायचं, "दोनच पाव मिळतील का?" कोणी म्हणायचं, "केकवर नाव घालायचं राहिलंय." एका गृहस्थांनी तर कडी वाजवून एवढंच विचारलं, "झोपलात का?" त्या दिवसापासून जाऊबाईंनी हा तोडगा काढला. जेवणं झाली की गल्लीच्या दाराला बाहेरून कुलूप ठोकायचं, वळसा घालून रस्त्यानं दुकानात शिरायचं, शटर आतून खाली ओढायचं आणि भट्टीजवळच्या दारातून घरात यायचं. गल्लीला ही गोम पक्की ठाऊक होती, पण कुलूप लावलेल्या दाराची कडी वाजवायला गल्लीलाही लाज वाटायची. तोडगा असा काही लागू पडला की एक साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आली नाही. कुलूप बघून ओळखीची माणसं लांब राहतात हे खरं, पण चोर जवळ येतो.

घरात मोठी माणसं आम्ही चौघं. थोरले भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, माळ्यावर कानात कापूस घालून झोपतात. त्यांना उठवायला गेलेला माणूस स्वतःच आडवा होतो अशी त्यांची ख्याती आहे. आमचे हे त्यांचे धाकटे भाऊ. सासूबाई गेल्या तेव्हा हे पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होते आणि जाऊबाई नुकत्याच लग्न होऊन आलेल्या होत्या. त्यांनीच ह्यांना न्हाऊमाखू घातलं, वाढवलं, आणि माझ्या गळ्यात बांधलं. म्हणून ह्यांच्या कानशिलाजवळ पांढरे केस आले तरी त्या ह्यांना 'धाकट्या' अशीच हाक मारतात. ह्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर. मीही काही शांतीची मूर्ती नाही, त्यामुळे आमच्या भांडणात ताटल्या स्टीलच्या आहेत हे बरंच आहे.

आणि जाऊबाई? उंचीनं माझ्या खांद्याला लागतात. आवाज कधी चढत नाही. भट्टीच्या तोंडाशी मात्र त्याच उभ्या राहतात, पुरुषमाणसं नाहीत. भट्टीतून पाव आत-बाहेर करायला लांब लाकडी दांडा असतो, पुढे पसरट फळी असलेला. आम्ही त्याला नुसता दांडाच म्हणतो. तो इतका लांब की मी उचलला तर माझाच तोल जातो. जाऊबाईंच्या हातात तो लाटण्यासारखा फिरतो. भट्टीत आत कुठला पाव उजवीकडे सरकवायचा आणि कुठला आता लगेच बाहेर घ्यायचा, हे त्या बोलता बोलता करतात, आणि एक पाव करपत नाही.

आणखी एका माणसाबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट कळायची नाही. जाऊबाईंचे मोठे भाऊ. आमच्या मुलांमुळे आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. मामा फरशा बसवायचं काम करायचे. ऐन उमेदीत त्यांच्या घरात रात्री चोर शिरला. चोराच्या हातात पहार होती. मामांनी काठीनं त्याला हाणला, तो पडला, उठून अंगणाच्या भिंतीकडे पळाला, आणि मामांनी मागून जाऊन दुसरा फटका डोक्यात घातला. चोर मेला. न्यायालयात मामा शेवटपर्यंत एकच सांगत राहिले, की अंधार होता, पहार त्याच्या हातात अजून आहे असं वाटलं. न्यायाधीशांनी पहिल्या फटक्याला मान डोलावली. घर तुमचं, जीव तुमचा, तो वाचवायचा हक्क तुमचा. दुसऱ्या फटक्यासाठी मामांना आठ वर्षं आत पाठवलं.

त्या आठ वर्षांत जाऊबाई भेटीच्या प्रत्येक दिवशी ताजा पाव घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी जायच्या. पावात काही लपवलंय का ते बघायला शिपाई तो तिथंच कापायचे, पार भुगा करायचे, आणि मग आत पाठवायचे. आपल्या हातचा पाव असा चिरडलेला बघून बाई रडत नसे, घरी येऊन नुसती भट्टी पेटवायची, असं भावोजी सांगतात. मामा सुटून आले ते अर्धे होऊन. अजूनही दर आठवड्याला दुकानात येतात. पाव अख्खा नेतात. कापून देऊ का म्हटलं तर नको म्हणून मान हलवतात.

आता त्या दुपारचं सांगते.

हे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक पोचवायला सायकलवर गेले होते. मुलं शाळेत. भावोजी माळ्यावर. मी मधल्या खोलीत आणि जाऊबाई पुढच्या खोलीत, कपाटाच्या बाजूला, जमिनीवर सतरंजी टाकून. धुतलेला दांडा वाळायला त्यांच्या उशाशी भिंतीला टेकवलेला. बाहेर काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज झाला आणि मी जागी झाले. मला वाटलं मांजर. मग कपाटाचं दार करकरलं. कपाट उघडणारी मांजर आमच्या गल्लीत नाही, म्हणून मी उठून उंबऱ्यापाशी गेले.

कपाटासमोर एक टकला, हडकुळा माणूस पाठमोरा उभा होता. अनवाणी. त्याच्या काखेत लोखंडी सळई. भर दुपारच्या उजेडात तो माझ्या मुलांचे स्वेटर एकेक करून जमिनीवर ठेवत होता, घडी न मोडता. आणि त्याच्या मागे जाऊबाई सतरंजीवर उठून बसल्या होत्या.

"कोण रे तू?" त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला विचारतात त्याच आवाजात.

तो गर्रकन वळला. रिकामं समजून शिरलेल्या घरात जमिनीतून बाई उगवलेली बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं असणार, पण काखेतली सळई हातात घेऊन त्यानं ती डोक्यावर उगारली. जाऊबाई उठून उभ्याही राहिल्या नाहीत. गुडघ्यावर आल्या, दांडा हातात आला, आणि फळीची कड त्याच्या मनगटावर बसली. एवढंच. भट्टीत हात जातो आणि येतो तसा तो दांडा गेला आणि आला. सळई फरशीवर खणखणत पडली. तो माणूस मनगट पोटाशी धरून मटकन खाली बसला आणि "आई गं" म्हणाला.

मी किंचाळले. खोटं कशाला बोलू, अशी किंचाळले की दोन गल्ल्यांपलीकडच्या दवाखान्यात ऐकू गेलं म्हणे. आणि किंचाळता किंचाळता पुढे होऊन सळई उचलली. माझ्या मुलांच्या कपाटाला हात लावणाऱ्याचं डोकं मला फोडायचं होतं.

"ठेव ती खाली," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, अहो, त्यानं तुमच्यावर उगारली होती!"

"उगारली होती. आता ती तुझ्या हातात आहे. ठेव."

मी ठेवली. त्यांनी ती पायानं कपाटाखाली सरकवली. मग मला पोलिसांना फोन लावायला सांगितलं, आणि डॉक्टर हवा हेही त्यांना सांग म्हणाल्या. चोराला डॉक्टर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण फोन लावला.

माझ्या किंकाळीचं फळ तोवर दारात येऊन उभं राहिलं होतं. न्हावी पुढे, त्याच्या मागे इस्त्रीवाला, सायकल दुरुस्तीवाला, आणि बघता बघता गल्ली भरली. तुटलेलं कुलूप कुणीतरी हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होतं. चोरानं आवाज होऊ नये म्हणून बाहेर काढून ठेवलेली चप्पल दुसऱ्याच्या हातात, जसं काही ती चप्पलच गुन्हेगार होती. उंबऱ्यात माणसं घुसल्यामुळे दार लावता येत नव्हतं. जाऊबाईंनी एक नजर दाराकडे टाकली, चोराला दंडाला धरून उठवलं, बाजूच्याच पिठाच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी घातली, आणि दांडा आडवा धरून त्या दारासमोर उभ्या राहिल्या. मघाशी त्या चोरापासून घर राखत होत्या. आता घरापासून चोर राखायची पाळी आली होती, आणि ते दुसरं काम जास्त अवघड आहे हे मला तेव्हा कळायचं होतं.

"बाहेर काढा त्याला," न्हावी म्हणाला. "आज चोपला नाही तर उद्या माझ्या दुकानात शिरेल."

"तुझ्या दुकानात शिरून काय नेईल, केस?" जाऊबाई म्हणाल्या. मागे दोघंतिघं हसले, पण न्हाव्याचा चेहरा आणखी लाल झाला.

"चेष्टा नाही, काकी. घर तुमचं, चोर तुमच्या घरात सापडलेला. कायदा आपल्या बाजूनं आहे."

"त्याच्या हातात सळई होती तोवर होता बाबा. सळई पडली, तसा कायदा उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला. आता तो एक हात मोडलेला, खोलीत कोंडलेला माणूस आहे. त्याला हात लावशील तर ती मारामारी झाली, राखण नाही."

हे त्या पुस्तकात वाचून बोलत नव्हत्या. भावाच्या खटल्याच्या प्रत्येक तारखेला त्या न्यायालयाच्या बाकावर बसून होत्या. पहिला फटका कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो, यावर दोन वकील तासन् तास भांडताना त्यांनी ऐकले होते, आणि त्या भांडणात आपल्या भावाची वर्षं जाताना बघितली होती.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि हे आत आले. दारात तुटलेलं कुलूप, कपाट उघडं, मुलांचे स्वेटर जमिनीवर, आणि कुणीतरी ह्यांना वाटेतच तिखटमीठ लावून सांगितलेलं की चोरानं वहिनीला मारलं. सायकल दुरुस्तीवाल्याची हातोडी ह्यांच्या हातात कधी आली ते त्यालाही कळलं नाही. ह्यांचा चेहरा मी आजवर शंभर भांडणांत पाहिलाय. तो चेहरा हा नव्हता. रागात माणूस निदान आपल्याकडे बघतो. हे कुणाकडेच बघत नव्हते.

"कुठाय?"

"आत आहे. आतच राहील," जाऊबाई म्हणाल्या.

"वहिनी, बाजूला हो."

"मला काही झालेलं नाही. बघ, सगळी धड आहे. आधी ती हातोडी खाली ठेव."

"तू बाजूला हो म्हणतो ना! माझ्या घरात घुसून तुझ्यावर हात उगारला त्यानं!"

"आणि त्याचा हात मी मोडला. हिशेब मिटला धाकट्या."

ह्यांनी हातोडी उचलली आणि पिठाच्या खोलीच्या कडीवर घातली. जाऊबाईंच्या कानापासून वीतभर अंतरावरून ती गेली. कडी वाकली. आतून तो माणूस रडल्याचा आवाज आला. गल्ली एकदम गप्प झाली, आणि त्या गप्प बसण्यात काय होतं ते मला कळलं. सगळे वाट बघत होते.

जाऊबाई हलल्या नाहीत. त्यांनी दांडा फिरवला आणि फळीची कड ह्यांच्या उजव्या मनगटावर आणून टेकवली. मारली नाही, नुसती टेकवली.

"हे घर जितकं तुझं तितकंच माझं," त्या म्हणाल्या. आवाज तोच, गिऱ्हाइकाशी बोलायचा. "मघाशी एकानं बाहेरचं कुलूप तोडलं, आता तू आतली कडी तोडतोयस. त्याला मारला तसा तुलाही एक मारीन. मनगटावर. तुला न्हाऊ घातलेल्या हातानं मारीन, आणि मला कुणी काही म्हणणार नाही. पण त्याच्या डोक्यात तुला हातोडी घालू देणार नाही."

"मार मग," हे म्हणाले. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी मधल्या उंबऱ्यात उभी होते. चोर आमच्या घरात शिरलाय आणि ही बाई त्याची बाजू घेतेय, असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं, आणि मनातून मी त्यांच्यावर चिडलेही होते. पण ह्यांचा तो उचललेला हात बघितला आणि एकदम डोळ्यांसमोर मामा आले. दुकानाच्या कडेला उभे, अख्खा पाव छातीशी धरलेले. जाऊबाई चोराला वाचवत नव्हत्याच. चोर काय, पोलिसांकडे जाऊन, हाताला प्लास्टर घालून, चारदोन महिन्यांनी पुन्हा हिंडू लागला असता. त्या माझं कुंकू राखत होत्या. आणि मी खुळ्यासारखी उंबऱ्यात उभी राहून बघत होते.

मी जाऊन जाऊबाईंच्या शेजारी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"अहो," मी म्हटलं, "मला दर आठवड्याला पाव घेऊन फाटकाशी उभं राहायचं नाही. शिपाई तो माझ्यासमोर कापणार आणि मी बघत राहणार. मला ते जमायचं नाही. ताईंना जमलं. मला नाही जमायचं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं. मग मुलांच्या स्वेटरांकडे. हातोडी हळूच खाली आली, आणि मी ती ह्यांच्या बोटांतून सोडवून घेतली. जाऊबाईंनी दांडा ह्यांच्या मनगटावरून काढला आणि दुसऱ्या हातानं ह्यांच्या केसांवरून एकदा हात फिरवला, लहानपणी फिरवत असतील तसा. हे मटकन पिठाच्या पोत्यावर बसले.

पण गर्दीचं समाधान कुठं व्हायला? न्हावी अजून बाह्या सरसावून उभा होता. जाऊबाई त्याच्याकडे वळल्या.

"तुला मारायचंच असेल तर मी अडवायला कोण? फक्त आधी रांग लावा. पोलीस आले की मला नीट सांगता आलं पाहिजे, पहिला फटका कुणाचा, दुसरा कुणाचा. तुझं नाव पहिलं सांगू का?"

इस्त्रीवाल्याला एकदम आठवलं की इस्त्री चालू राहिलीय. सायकल दुरुस्तीवाल्यानं माझ्या हातातून हातोडी मागून घेतली आणि ती आपली नसल्यासारखी पाठीमागे लपवत निघाला. चप्पलवाल्यानं चप्पल होती तिथं नेऊन ठेवली, जोड नीट लावून. शेवटी न्हावी एकटा उरला. तोही मग "तुमच्या भल्यासाठी आलो होतो, काकी" असं पुटपुटत गेला. त्यानंतर आठवडाभर त्यानं आमच्याकडचा पाव घेतला नाही. मग ताज्या पावाचा वास सोसवेना, तेव्हा त्याचा राग गेला.

गल्ली मोकळी झाल्यावर जाऊबाईंनी पिठाच्या खोलीची वाकडी कडी काढली. आतून नखशिखांत पांढरा झालेला माणूस बाहेर आला, भुवयांपर्यंत पीठ. एरवी मी पोट धरधरून हसले असते. त्यांनी त्याला बाकावर बसवलं, दोन पट्ट्यांमध्ये मनगट धरून पिठावर झाकायच्या फडक्यानं बांधलं, पाणी दिलं.

"कुलूप बघून आलो होतो, बाई," तो म्हणाला. "घरात माणसं आहेत हे माहीत असतं तर आलोच नसतो. शपथ."

"तेवढी चूक आमची," जाऊबाई म्हणाल्या.

"आमची चूक?" मी उसळले. "ताई, आता त्याला जाताना बिस्किटांचा पुडाही द्या!"

पुडा दिला नाही, एवढंच काय ते. पण बहुतेक मी बोलले नसते तर दिला असता.

पोलीस अधिकारी आल्या त्या उंच, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी तुटलेलं कुलूप पाहिलं, कपाटाखालून सळई काढून घेतली, वाकलेली कडी बोटानं चाचपली. जाऊबाईंनी सगळं सांगितलं, कडी कुणी आणि का वाकवली तेही. हे मान खाली घालून ऐकत होते. मग त्या बाईंनी चोराला विचारलं, "तुला किती मारलं?"

"एकदाच," तो म्हणाला. "मनगटावर. नंतर कुणी हात लावला नाही. ह्या दारात उभ्या होत्या."

पोलिसांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. मनगटाचं हाड मोडलेलं, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. अधिकारी बाईंनी वही मिटली.

"चौकशीसाठी तुम्हाला एकदा ठाण्यावर यावं लागेल," त्या जाऊबाईंना म्हणाल्या. "घाबरू नका. समोरचा हत्यार उगारतो तेव्हा घरातल्या माणसानं हात जोडून बसावं असं कुठला कायदा म्हणत नाही. पण अशा घरांतून बहुतेक वेळा मी दोन माणसं घेऊन जाते, एक दवाखान्यात आणि एक कोठडीत. आज एकच नेतेय." आणि त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. ह्यांना ते बघणं कळलं.

एवढ्यात माळ्याचा जिना वाजला. थोरले भावोजी एका कानातला कापूस काढत खाली आले, पोलीस पाहिले, पांढरा फटक माणूस पाहिला, आणि बायकोला म्हणाले, "चहा झाला का?" जाऊबाई त्या दिवशी तेव्हा पहिल्यांदा हसल्या. हसता हसता बाकावर बसल्या आणि मग किती तरी वेळ उठल्याच नाहीत. मी चहा ठेवला. त्यांच्या हातात कप दिला तेव्हा मला काय काय बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "ताई, तुमच्यासारखी बाई मी बघितली नाही." त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि साखर कमी पडलीय म्हणाल्या.

आता आमच्या दाराला बाहेरून कुलूप नसतं. ह्यांनी पाटी रंगवून लावली आहे: 'आम्ही आत आहोत आणि झोपलो आहोत.' परवाच एकानं कडी वाजवून विचारलं, खरंच झोपलात का?

चोर शिरला त्याच आठवड्यात मामा नेहमीसारखे पावासाठी आले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. दुपार व्हायची होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. हे मागे ट्रे धूत होते, मी बिस्किटं भरत होते. जाऊबाईंनी त्यांच्यापुढे अख्खा पाव ठेवला. त्यांनी उचलला नाही.

"किती मारलेस?" मामांनी विचारलं.

"एक."

"मग?"

"मग त्याच्या हातातली सळई पडली, दादा."

मामा पावाकडे बघत राहिले. आत ट्रे धुवायचा आवाज थांबला.

"माझ्या वेळीपण पहिल्यालाच पडली होती पहार," ते म्हणाले. "मी बघितली होती पडताना."

इतकी वर्षं, इतक्या तारखा, इतके वकील, आणि हे वाक्य त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मामांनी पावावर हात ठेवला, तो अजून कोमट होता. मग तो बहिणीकडे परत सरकवला.

"काप," ते म्हणाले. "इथंच खाऊ सगळे."

ह्यांनी आतून सुरी आणून दिली. जाऊबाईंनी ती घेतली, पावावर धरली, पण त्यांच्यानं काही कापवेना. मग मीच कापला.